दांडीवरचा भार

सिग्नल लाल होता. स्कूटरच्या मागे ट्रॉली, ट्रॉलीत मातीची पोती आणि त्यांच्यावर आडव्या बांधलेल्या काही फळ्या. शेजारी सायकलवर एक आजोबा येऊन थांबले. असं कुणी शेजारी थांबलं की पुढचे प्रश्न मला आता पाठ झालेत: कुठून घेतली, किती वजन ओढते, पेट्रोल किती खाते. आजोबांनी यातलं काहीच विचारलं नाही. ट्रॉलीच्या पेटीकडे त्यांनी धड पाहिलंसुद्धा नाही. सायकलवरूनच थोडं वाकून ते स्कूटरच्या मागच्या चाकापाशी, जिथे ट्रॉलीची दांडी जोडलेली आहे, तिथे बघत राहिले आणि म्हणाले, "आणि हे सुटलं तर?" मी "साखळी आहे आजोबा, दोन आहेत," असं म्हणतेय तोवर सिग्नल सुटला, मागचे हॉर्न सुरू झाले आणि आम्ही दोघं आपापल्या वाटेने निघून गेलो.

त्या प्रश्नाने पुढे बरेच दिवस माझा पिच्छा पुरवला. माझं उत्तर खरं होतं, साखळ्या आहेतच. तरी मनाला ते पुरेना. बघणाऱ्यांतल्या शंभरातल्या नव्व्याण्णव जणांना पेटी दिसते, रंग दिसतो, मागचे लाल दिवे दिसतात. आजोबांची नजर थेट त्या हातभर जागेवर गेली, जिच्यावर मी उरलेल्या सगळ्या ट्रॉलीपेक्षा जास्त विचार केला होता. पेटी कुणीही चांगला सुतार एका दुपारी ठोकून देईल. ट्रॉली बनते किंवा बिघडते ती त्या जोडापाशी.

स्कूटरवर सामान न्यायचं म्हणजे ते कुठेतरी कोंबायचं, हे मी लहानपणापासून बघत आले. बाबांची जुनी, गिअरची स्कूटर. पुढे पायापाशी पोतं, पोत्याच्या दोन्ही अंगांनी बाहेर काढलेले बाबांचे गुडघे, मागे मी, आणि त्यांच्या पाठीच्या आणि माझ्या पोटाच्या मध्ये आणखी एक पिशवी. गोणपाटाचा तो कोरडा, नाकात हुळहुळणारा वास अजून ओळखीचा वाटतो. पोत्याचं तोंड आडवं यायचं म्हणून हँडल पूर्ण वळायचं नाही. मग बाबा वळणाच्या बरंच आधी वेग कमी करायचे, एक पाय टेकवायचे, गुडघ्याने पोतं मागे रेटायचे आणि मग वळायचे. मला त्यांच्या त्या कसरतीचा अभिमान वाटायचा आणि त्याच वेळी पोटात गोळाही यायचा. दोन्ही भावना एकाच वेळी असू शकतात हे कळायचं वय नव्हतं, पण होत्या खऱ्या. घरी पोचल्यावर बाबा पोतं उतरवून पहिल्यांदा पाठ सरळ करायचे, तेव्हा मीही मागे उभी राहून पाठ सरळ करत असे.

स्कूटर हे मुळात एका माणसाला आरामात आणि दोघांना ठीकठाक नेणारं वाहन आहे. चाकं लहान, दोन चाकांतलं अंतर सव्वा मीटरच्या आसपास. पायाशी ठेवलेलं वजन खाली राहतं, म्हणून ते तोलाला बरं, पण ते पाय आणि हँडल दोन्ही अडवतं. मागच्या कॅरिअरवर टाकलेलं वजन उंच जातं आणि मागच्या चाकाच्याही मागे जातं. तिथे किती किलो चालतील हे बनवणाऱ्याने पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि तो आकडा बहुतेकांना वाटतो त्याच्यापेक्षा फार लहान असतो. तरीही लोक त्यावर कपाटं बांधतात. मी त्यांना नावं ठेवत नाही. सामान घरी पोचवायचं असतं आणि हाताशी स्कूटरच असते.

ओझं वाहायची गरज स्कूटरइतकीच जुनी आहे. व्हेस्पा १९४६ साली आली. तिचा रचनाकार कोरादिनो दास्कानियो हा विमानं आणि हेलिकॉप्टर यांत रमलेला अभियंता. लगेच १९४८ मध्ये त्याच घराण्यातून मागे दोन चाकं आणि माल ठेवायला जागा असलेली तीनचाकी आपे निघाली. म्हणजे माणसाला बसायची सोय झाल्यावर दोनच वर्षांत ओझ्याची सोय करावी लागली. पण मला जास्त आवडते ती दुसरी वाट: तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातली चेझेटा स्कूटर आणि तिच्यामागे जोडायची पीएव्ही ४० ही एकचाकी ट्रॉली. माल फक्त ४० किलो. लांबट, गोलसर पत्र्याची पेटी आणि खाली एकच चाक, जे स्कूटरबरोबर कलतं. जुन्या छायाचित्रांत ती जोडी बघितली की वाटतं, ज्याने ही आखली त्याला ४० किलो पुरेसे आहेत हे ठामपणे माहीत होतं. हा ठामपणा मला फार मोलाचा वाटतो. कारण घरी ट्रॉली करायला घेतलं की पहिला मोह आकाराचाच होतो.

एक चाक की दोन, हा पहिला निर्णय, आणि जोड कसा असणार हे त्यावरच ठरतं. एकचाकी ट्रॉली स्वतः उभी राहू शकत नाही. तिला स्कूटरनेच धरून ठेवायचं असतं. त्यामुळे तिचा जोड डावी-उजवीकडे वळला पाहिजे, खड्ड्यात वर-खाली झाला पाहिजे, पण कलण्याच्या बाबतीत मात्र घट्ट हवा. स्कूटर कलली की ट्रॉलीही तेवढीच कलणार. दोनचाकीचं अगदी उलटं. ती आपल्या चाकांवर सपाट उभी असते आणि स्कूटर तर कलल्याशिवाय वळूच शकत नाही. मग जोडाला तिन्ही हालचाली मोकळ्या ठेवाव्या लागतात: वळणं, वर-खाली होणं आणि कलणं. यातली तिसरी विसरली तर सपाट उभी असलेली ट्रॉली स्कूटरला कलूच देत नाही, आणि न कललेली स्कूटर वळणावर बाहेर फेकली जाते. मोटारीच्या मागे असतो तो गोळ्याचा हूक या तिन्ही हालचाली देतो, आपल्या खांद्याचा सांधा देतो तशाच. मात्र खांद्यासारखाच तोही एका मर्यादेनंतर अडतो, आणि ती मर्यादा न कलणाऱ्या मोटारीच्या हिशेबाने ठेवलेली असते. ताशी ३० किलोमीटर वेगाने १५ मीटर त्रिज्येचं वळण घेणारी स्कूटर साधारण २५ अंश कलते. म्हणून स्कूटरसाठी कलण्याची हालचाल वेगळ्या फिरत्या नळीला द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

मी दोन चाकं घेतली, कारण मला ट्रॉली सोडून उभी करायची होती, हातानेही ढकलायची होती.

चौकटीसाठी २५ बाय २५ मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप. असा पाइप मीटरला साधारण १.४४ किलो भरतो, म्हणजे बारा मीटर वापरला तर सतरा किलो आणि थोडं वर. मी ज्या वेल्डिंगवाल्या काकांकडे गेले त्यांचं म्हणणं अँगल, म्हणजे काटकोनात दुमडलेली लोखंडी पट्टी, घ्या, काम सोपं होतं. पण अँगल पिळाला फार लवकर शरण जातो. एक चाक खड्ड्यात आणि एक वर, ही ट्रॉलीची रोजचीच अवस्था, आणि त्या पिळाला बंद नळीच टिकते. काकांना मी हे सांगितल्यावर त्यांनी एक अँगलचा आणि एक पाइपचा तुकडा शिकंजात धरून हातानेच पिळून बघितला. नंतर काही बोलले नाहीत, पाइप मोजायला घेतला. जस्ताचा मुलामा असलेला पाइप मात्र त्यांनी दुकानाच्या दारातूनच परत पाठवला. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, हे त्यांना पुस्तकातून नाही, अंगावरून माहीत होतं.

त्यांच्याकडे बसून मी जे पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. पाइप कापून जमिनीवर चौकट मांडली, गुण्या लावला, चारही कोपऱ्यांना फक्त टॅक, म्हणजे तात्पुरते टाके, मारले, मुगाएवढे. मग टेप काढून एक कर्ण मोजला, दुसरा मोजला. फरक निघाला. काकांनी लाकडाच्या ठोकळ्यावर एक कोपरा आपटला, पुन्हा मोजलं, पुन्हा हलकेच आपटला. दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत त्यांनी पूर्ण वेल्ड सुरू केलं नाही. सुरू केलं तेव्हाही एका बाजूने सलग मारत गेले नाहीत; एक टाका इथे, मग समोरच्या कोपऱ्यात, मग वर, मग खाली. "ताई, लोखंड थंड होताना आपल्याकडे ओढतं. सगळीकडून सारखं ओढलं तर कुठंच जात नाही." काच लावलेला मुखवटा वर करून त्यांनी हे सांगितलं तेव्हा कपाळावर घामाची आणि काजळीची एक रेघ होती. वेल्डवरची खपली हातोडीने उडवली की खालून निघणारी ती चकचकीत, लाटालाटांची शिवण मी बोटाने चाचपून बघायला गेले आणि त्यांनी माझा हात मनगटाला धरून मागे घेतला. लोखंड काळं दिसतं तेव्हाही भाजतं.

दांडीच्या बाबतीत मी हट्ट धरला. दांडी पुढच्या आडव्या पाइपला टेकवून तिथेच वेल्ड करायची नाही. सगळ्यात जास्त वाक तिथेच येतो आणि वेल्डच्या काठावरच भेग सुरू होते, केसासारखी, रंगाखाली न दिसणारी. माझी दांडी चौकटीच्या खालून थेट अ‍ॅक्सलपर्यंत, म्हणजे चाकं बसवलेल्या आडव्या दांड्यापर्यंत, जाते आणि दोन ठिकाणी यू-क्लॅम्पने आवळलेली आहे. नट सगळे नायलॉकचे, हादऱ्यांनी सैल न होणारे. दांडी लांब ठेवली, हुकापासून अ‍ॅक्सलपर्यंत १२० सेंटिमीटर. लांब दांडीची ट्रॉली वळणात थोडी जास्त आत कापते, पण सरळ रस्त्यावर शांत चालते. मग हुकाच्या मध्यापासून डाव्या चाकाचं अंतर आणि उजव्या चाकाचं अंतर दोरीने ताडून बघितलं. ते सारखं नसेल तर ट्रॉली कायम तिरकी ओढली जाते आणि टायर एका कडेने झिजत राहतात.

चाकांबद्दल लोक फार बेफिकीर असतात, आणि इथे मला राग येतो. बागेतल्या ढकलगाडीची चाकं माणसाच्या चालीसाठी केलेली असतात, त्यांच्या मध्यात बेअरिंगऐवजी बहुतेकदा नुसती बुश, म्हणजे साधी नळी, असते. ती रस्त्यावर स्कूटरच्या वेगाने फिरवली की तापतात आणि आखडतात. सायकलची चाकं हलकी आणि सुंदर, पण सायकल वळणात कलते म्हणून तिच्या आऱ्यांवर भार नेहमी चाकाच्या प्रतलातच येतो. ट्रॉली कलत नाही. तिच्या चाकाला वळणावर आडवा रेटा बसतो आणि भरल्या ट्रॉलीखाली सायकलचं चाक पापडासारखं दुमडतं. मी स्कूटरचीच दहा इंची चाकं लावली, टायर ३.५०-१०. या मापाच्या टायरवर ५१ असा भार निर्देशांक छापलेला असेल तर त्याचा अर्थ १९५ किलो, आणि पुढचं 'J' हे अक्षर म्हणजे ताशी १०० किलोमीटरपर्यंतची परवानगी. माझ्या ट्रॉलीला यातलं निम्मंही लागत नाही. टायर स्कूटरच्याच मापाचा असला की पंक्चरवाल्याकडे चर्चा करावी लागत नाही, हा फायदा वेगळाच.

आता जोड. स्कूटरमध्ये इंजिन आणि मागचं चाक हे एकच अंग असतं. खड्डा आला की पूर्ण इंजिनच चाकाबरोबर वर-खाली होतं. त्यामुळे मागच्या धुऱ्याजवळ दिसणारा सोयीचा बोल्ट बघून तिथेच हूक लावायचा मोह होतो. पण इंजिनचं ते अ‍ॅल्युमिनियमचं कवच ट्रॉलीचे हिसके सोसायला केलेलं नाही. माझा कंस सीटखालच्या मूळ चौकटीला धरलेला आहे. तिथून दोन्ही बाजूंनी पाइप खाली येतात आणि चाकाच्या मागे, धुऱ्याच्या उंचीला एकत्र होतात. शॉकअप पूर्ण दबला तरी चाक त्या पाइपांना लागणार नाही एवढी जागा सोडावी लागते. त्यासाठी शॉकअप काढून, चाक हाताने वर उचलून मोजलं. हूक खाली असण्याचं कारण साधं आहे. ट्रॉली मागे ओढते तेव्हा हूक जितका उंच तितकं पुढचं चाक हलकं होतं, आणि ब्रेक लागल्यावर ती पुढे ढकलते तेव्हा हूक जितका उंच तितकं मागचं चाक हलकं होतं.

जोडात तीन हालचालींसाठी तीन वेगळ्या जागा आहेत. एक उभी पिन, एक आडवी पिन, आणि दांडीच्या रेषेत पितळी बुशमध्ये फिरणारा शाफ्ट, ज्याला ग्रीस भरायचं तोंड, म्हणजे निपल, आहे. प्रत्येक पिनच्या टोकाला, ती निसटू नये म्हणून, स्प्लिट पिन. दोन साखळ्या दांडीखाली एकमेकींना छेद देऊन जातात, म्हणजे जोड निखळलाच तर दांडीचं टोक रस्त्यावर रुतायच्या आधी त्या फुलीत पडतं. रुतलेली दांडी ट्रॉलीला उलथवते. आजोबांना मला हे सगळं सांगायचं होतं.

बनवून झाल्यावर रंग वाळेपर्यंतही धीर निघाला नाही, पण रस्त्यावर जाण्याआधी एक गोष्ट मी हट्टाने केली. मोकळं, सपाट मैदान होतं. बहिणीला लांब उभं केलं आणि ट्रॉलीतलं पोतं आधी अ‍ॅक्सलच्या थोडं पुढे ठेवून फेरी मारली. काही विशेष वाटलं नाही. स्कूटर थोडी जड, एवढंच. मग तेच पोतं, तेवढ्याच वजनाचं, अ‍ॅक्सलच्या मागे सरकवलं. गाडी उलाळ झाली, म्हणजे दांडी हूक वर उचलू लागली. निघताना जाणवलं नाही. वेग वाढवला तसं मागून काहीतरी माझ्या स्कूटरची पाठ धरून हलवतंय असं वाटलं, आधी हळू, मग प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. हँडल माझ्या हातात होतं पण गाडी माझ्या ताब्यात नव्हती. ठरवून ठेवल्याप्रमाणे ब्रेकला हात न लावता अ‍ॅक्सिलरेटर सावकाश सोडला. झोके लहान होत थांबले. लांबून बघणाऱ्या बहिणीला ते फार काही दिसलंच नव्हतं. माझे तळवे मात्र ओले होते.

वजन तेच, रस्ता तोच, वेगही बेताचाच. फक्त जागा बदलली होती.

मोठ्या ट्रॉलीला लागू असलेला नियम छोटीलाही लागू आहे: एकूण वजनाचा दहावा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त भार दांडीच्या टोकावर हवा. रिकामी माझी ट्रॉली पस्तीस किलोच्या आसपास, माल जास्तीत जास्त ४० किलो, म्हणजे दांडीवर साडेसात-आठ किलो. माणसांचं वजन करायचा साधा काटा विटांवर ठेवून, हुकाच्या उंचीला दांडी त्यावर टेकवली की आकडा समोर येतो. ४० किलोचं ओझं १० सेंटिमीटर पुढे सरकवलं तर माझ्या दांडीवर तीन किलोंहून थोडा जास्त भार वाढतो. एवढ्याशा सरकवण्याने इतका फरक पडतो, म्हणून माल बांधलेला हवा, नुसता ठेवलेला नको. आणि फार पुढे ठेवणं हाही उपाय नाही. हूक मागच्या धुऱ्यापासून ४० सेंटिमीटर मागे असला आणि दांडीवर १० किलो आले तर पुढचं चाक तीन किलोंनी हलकं होतं. ३० किलो आले तर जवळजवळ दहा किलोंनी. ओल्या रस्त्यावर, चढावर, तेवढं हलकं हँडल नको वाटतं.

उंचीचाही असाच हिशेब. माझ्या दोन चाकांत ६५ सेंटिमीटर अंतर आहे, कारण ट्रॉली हँडलपेक्षा रुंद करायची नाही हे मी आधीच ठरवलं होतं. हँडल जिथून जातं तिथून ट्रॉलीही गेली पाहिजे. मालासकट गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर असला तर मघाचं वळण, ताशी ३० आणि १५ मीटरवालं, निभतं. तोच ७० सेंटिमीटरवर गेला तर आतलं चाक उचलायला लागतं. आणि स्कूटर चालवणाऱ्याला ते कळत नाही, हे सगळ्यात वाईट. कलण्याची हालचाल मोकळी सोडलेली असते, त्यामुळे ट्रॉली पालथी होत असली तरी हातांना निरोप येत नाही. म्हणून माती खाली, फळ्या वर, आणि रिकाम्या टोपल्यांचा डोंगर कधीच नाही.

ट्रॉली लागल्यापासून रस्ता मला वेगळा दिसायला लागला. स्कूटरवाल्याची नजर एक रेषा शोधते: दोन खड्ड्यांच्या मधली, गटाराच्या झाकणाच्या कडेची, वितभर सपाट रेषा. आता मला तीन रेषा शोधाव्या लागतात, मधली माझी आणि दोन बाजूंच्या ट्रॉलीच्या. माझं चाक खड्डा चुकवतं आणि क्षणभराने मागून धप्प असा आवाज येतो. वळताना ट्रॉली आतून जाते, तेव्हा कोपऱ्यावर उभ्या माणसाच्या पायाचा विचार आधी करावा लागतो. मागे घ्यायचं तर उतरून, दांडी सोडून, ट्रॉली हाताने फिरवून पुन्हा जोडणं हेच लवकर होतं. निघताना क्लच जास्त वेळ घसरतो. बिनगिअरच्या स्कूटरमध्ये क्लचची पॅडं इंजिनचा वेग वाढल्यावरच पकड घेतात आणि ओझं असलं की ती पकड यायला उशीर होतो. चढावर अर्धवट अ‍ॅक्सिलरेटर देऊन रेंगाळलं की जळकट वास येतो. चढ लागण्याआधी थांबून रस्ता मोकळा होऊ द्यायचा आणि मग एका दमात चढायचं, ही सवय मला लागली. व्हेरिएटरमधले, म्हणजे अशा स्कूटरमध्ये गिअरचं काम आपोआप करणाऱ्या भागातले, रोलर थोडे हलके टाकून घेतले, त्याने इंजिन वरच्या फेऱ्यांवर राहतं.

ब्रेक मात्र तेवढेच राहतात. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत. ११० किलोची स्कूटर, मी, आणि मागे ७५ किलो. ही सगळी ऊर्जा त्याच दोन लहान ड्रमना पचवायची आहे, आणि वेग दुप्पट झाला की ती चौपट होते. म्हणून ताशी ४० च्या वर मी जात नाही. मागून येणाऱ्यांना याचा वैताग येतो, ते कळतं. पण ते मला दिसण्याआधी मी त्यांना दिसावं म्हणून मागच्या दिव्यांवर मी अजिबात काटकसर केली नाही. स्कूटरच्या छोट्या बॅटरीवर ताण नको म्हणून एलईडी, आणि परतीची तार हुकाच्या लोखंडावर न सोपवता वेगळी ओढलेली. ग्रीस भरलेल्या, हलत्या जोडातून वीज कधी जाते, कधी जात नाही, आणि न जाणारी वेळ नेमकी अंधारातली असते.

नियमांचंही एक आहेच. ते सगळीकडे सारखे नाहीत. ब्रिटनमध्ये १२५ सीसीपेक्षा मोठं इंजिन असेल तरच दुचाकीला ट्रॉली लावता येते. रुंदी जास्तीत जास्त एक मीटर, आणि मालासकट वजन १५० किलो किंवा दुचाकीच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यांपैकी जे कमी ते. म्हणजे माझ्यासारख्या लहान स्कूटरला तिथे मुळीच परवानगी नाही. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी हिरमुसले होते. आता वाटतं, हा नियम लिहिणाऱ्यानेही कधीतरी मागून पाठ धरून हलवणारं ते ओझं अनुभवलं असावं.

बाबा अजून एकदाही या ट्रॉलीबद्दल चांगलं किंवा वाईट बोललेले नाहीत. पहिल्यांदा बघितली तेव्हा त्यांनी दांडी उचलून पाहिली, हातातच तोलून धरली आणि हळूच खाली ठेवली. नंतर एकदा मी बाहेरून आले तर ते ग्रीसगन घेऊन निपलपाशी बसलेले. जुनं काळं ग्रीस बुशच्या कडेने बाहेर येईपर्यंत दाबत होते, येईल तसं फडक्याने पुसत होते. आता महिन्यातून केव्हातरी हे काम ते आपणहून करतात. मी कधी त्यांना सांगितलं नाही, त्यांनीही कधी विचारलं नाही. गोणपाटाच्या पोत्यामागे बसलेल्या मुलीला जी भीती वाटायची ती त्यांना तेव्हा कळत होती का, हे विचारायचं मात्र माझ्या मनात अनेकदा येऊन गेलंय.

परवा शेजारचे दादा आले. त्यांना रोपं पोचवायला अशीच एक ट्रॉली हवी आहे, आणि त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी दोन खांब आहेत, त्यामुळे एकचाकी. "तुमची आहे तशीच करा ताई, फक्त एक चाक काढून टाका," म्हणाले. मग मी त्यांना अंगणात नेलं, आडवी पिन, उभी पिन, फिरता शाफ्ट दाखवला, आणि एकचाकीत हा शाफ्टच का चालणार नाही ते स्कूटर दोन्ही बाजूंना कलवून समजावलं. ते उकिडवे बसून बराच वेळ बघत होते. त्यांच्या स्कूटरला ट्रॉली चालते का, हे आधी वाहन खात्यात लेखी विचारून या, तोवर एकही पाइप कापायचा नाही, असं ठरलंय. दरम्यान त्यांच्या स्कूटरचं सीट काढून चौकटीची मापं मी कागदावर उतरवून घेतली आहेत. डाव्या बाजूला सायलेन्सर नाही, उजवीकडे आहे, त्यामुळे कंसाचा उजवा पाय थोडा बाहेरून न्यावा लागेल, आणि तिथे पाइप वाकवायचा की जोडायचा यावर काका आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.